नाकतोड्याच्या वहाणा

"टाच रोव, टाच! पाणी आलं तर ऊठ, नाही आलं तर बैस!"

बापाचा हा आवाज भिंगरीच्या कानात अजून जसाच्या तसा होता. बाप तंबूवाला. कुठे खेळ असो, कुठे सभा असो, आदल्या दिवशी तो मोकळ्या मैदानावर हजर, आणि मागे दोन्ही पोरी. खुंट्या ठोकण्याआधी, दोर ताणण्याआधी तो मैदानभर हिंडायचा, जमिनीत टाच रोवायचा, गर्रकन वळवायचा आणि त्या खळग्याकडे बघत उभा राहायचा. खळगा कोरडा राहिला की मिशीतल्या मिशीत हसायचा. पाण्याने भरला की पोरींकडे वळून म्हणायचा,

मऊ भुई, गोड बोल,
कळेना गं किती खोल;
टाच सांगेल ते खरं,
डोळ्यांचं गं काय मोल?

थोरली हे सुरात घोळवायची आणि तिथेच फतकल मारून बसायची, ओल असो नसो. धाकटी कधी बसायचीच नाही. दोरावरून उडी, खुंटीवरून उडी, तंबूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धाव. तेव्हाच बापाने तिचं नाव भिंगरी ठेवलं. खरं नाव शाळेपुरतं राहिलं आणि शाळेबरोबर सुटलं.

बाप जाऊनही आता कैक वर्षं झाली होती. थोरलीची, म्हणजे ताईची, खाली पावांची भट्टी होती. एकटी बाई, पण भट्टी अशी चालवायची की सकाळी गल्ली जागी व्हायची ती तिच्या पावांच्या वासाने. धाकटी वरच्या माडीवर. धाकटीचा नवरा लांब पल्ल्याच्या गाड्या चालवायचा, तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. म्हणून सकाळचा चहा दोघी बहिणींचा एकत्र. ताई गरम पाव पदराखाली झाकावा तसा फडक्यात गुंडाळून जिना चढायची. जिन्याची मधली पायरी तिच्या वजनाने कण्हायची. ताई येण्याआधी तिची वर्दी ती पायरी द्यायची, आणि भिंगरी आतून ओरडायची, "हळू गं, जिना सरकारी नाही, आपला आहे!"

अलीकडे पायरी बोलत नव्हती. ताई अचानक दारात उभी दिसायची, धाप लागलेली. 'सुतार येऊन गेला वाटतं,' असं मनाशी म्हणून भिंगरी कामाला पळायची.

पण मनाला कुणकुण होती. ताई काहीतरी लपवत होती. दर मंगळवारी भट्टी कामवालीवर टाकून ती कुठेतरी जायची, फोन बंद. विचारलं तर कधी "पीठ बघायला गेले होते", कधी "दात दाखवायला".

"किती दात आहेत गं तुला? मगर लाजेल."

"मोजून बघ ना. फक्त बोट गेलं तर माझ्याकडे मागू नकोस."

झालं. ताईच्या विनोदाला दार नसायचं. त्याला धडकून माणूस परत यायचा. मग ताई स्वतःचे सदरे पुढे करायची, "जरा बाजूने आत घे. धुऊन धुऊन सैल पडलेत मेले." भिंगरी मशीनवर बसून शिवण आत घ्यायची. काही दिवसांनी तेच सदरे पुन्हा यायचे. 'हल्ली कापडच असलं येतं,' भिंगरी म्हणायची, आणि सुई जरा जास्तच जोरात पळवायची. रात्री अंथरुणावर पडलं की पायाची बोटं आपोआप हलत राहायची, जणू पायाखाली अजून मशीनचा पायटा आहे.

भिंगरीचं काम तंबूच्या कारखान्यात. जाड कापड, पट्टे, दोर ओवायचे पितळी डोळे, मेणाचा दोरा. अलीकडे कारखान्यात हलक्या खुर्च्याही बनायला लागल्या होत्या. बोटाएवढ्या नळ्यांचे पाय, वर झोळीसारखं कापड, घडी घातली की खुर्ची पिशवीत आणि पिशवी खांद्यावर. डोंगरात न्या, नदीकाठी न्या. ताईने पहिल्यांदा ही खुर्ची पाहिली तेव्हा तिला हसू आवरेना. "अगं, ही खुर्ची की नाकतोडा? सगळे पायच पाय!" तेव्हापासून घरात त्या खुर्चीचं नाव नाकतोडा.

नाकतोडा फरशीवर गुणी. मऊ जमिनीवर मात्र त्याचा पाय म्हणजे मुसळाचं टोक. माणूस बसला की पाय खचायचे, आणि सगळे सारखे खचतील तर शपथ. एक आधी, एक मागून. मग माणूस कलंडायचा. गिऱ्हाइकं खुर्च्या परत घेऊन यायला लागली. मालकीणबाई, ज्या चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा कारखानाभर शोधायच्या, भिंगरीच्या मशीनपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, लोक म्हणतात, तुमची खुर्ची बसायची की पेरायची? काहीतरी कर बाई."

भिंगरीला हेच हवं होतं. हात गुंतले की मन गप्प बसतं. तिने आधी रबरी चेंडू कापून पायांना टोप्या घातल्या. चिखलाने त्या चोखून घेतल्या, खुर्ची वर आली आणि टोप्या खालीच राहिल्या. मग बरण्यांची झाकणं लावली. ती कडेने तिरपी होऊन सुरीसारखी जमिनीत घुसली. मग दोन-दोन पायांना लाकडी फळी बांधली. खुर्ची खचली नाही, पण उचलायला हमाल लागला असता. प्रत्येक वेळी परीक्षा घ्यायला ताई. सुट्टीच्या दिवशी ताई तळ्याकाठी गळ टाकून बसायची, मासा लागला की त्याच्याशी दोन शब्द बोलून सोडून द्यायची. त्या काठाची जमीन म्हणजे नुसता शिरा. आणि ताई म्हणजे अंगाने भरलेली, रुंद, ऐसपैस बाई. "जी खुर्ची मला पेलेल ती जगाला पेलेल," असं ती स्वतःच सांगायची. चेंडूंच्या वेळी ती अशी कलंडली की दोन्ही पाय आभाळाकडे, आणि तशीच पडून ती हसत राहिली, गळाची काठी हातातून न सोडता.

शेवटी भिंगरीला बापाच्या तंबूतली गोष्ट आठवली. चिखलात खांब उभा करायचा तर बाप खांबाखाली पाट ठेवायचा आणि सगळे पाट एकमेकांना दोराने बांधायचा, म्हणजे एकट्याला खाली जाता येत नाही. तिने भाजी चिरायच्या प्लास्टिकच्या जाड फळीतून तळहाताएवढ्या चकत्या कापल्या. प्रत्येक चकतीवर कापडाचा खोलगट खिसा शिवला, त्यात खुर्चीचा पाय बसेल असा. आणि चारही खिसे पट्ट्यांनी एकमेकांना जोडले. घडी केली तर मुठीत मावेल, वजन काही नाही. ताईने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"वा गं! नाकतोड्याला वहाणा शिवल्यास."

पहिल्या दिवशी भिंगरीने स्वतःच्या हाताने त्या वहाणा घातल्या. ताई बसली. नाकतोडा जरा कुरकुरला आणि स्थिर झाला. जमीन नुसती दबली, फाटली नाही. भिंगरीने टाळ्या पिटल्या, खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या. ताई मान हलवत गुणगुणली,

माझ्या भिंगरीच्या पायी
वारा बांधिला गं कोणी?
बैस म्हणता बसेना,
तिला भुई वाटे पाणी.

त्यानंतरच्या सुट्ट्यांना ताई एकटीच आधी जायची, भिंगरी घरचं आवरून मागून पोचायची. लांबूनच ओरडायची, "वहाणा घातल्यास का?" ताई गळावरची नजर न काढता सांगायची, "घातल्या गं बाई!" मांडीवरची मोठी शाल जमिनीपर्यंत लोळलेली, आजूबाजूला गवत. खुर्ची सरळ. भिंगरीला आणखी काय हवं? कारखान्यात जाऊन ती सांगायची, "माझी ताई बसते, अजून बोटभरही खचली नाही." सांगताना ऊर भरून यायचा. रात्री मात्र पायाची बोटं हलायची ती हलायचीच.

मालकीणबाईंनी एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच फोन केला. "मी येते तळ्यावर. तुझ्या त्या ताईंना बसलेल्या बघते, मग वहाणा करायला घेऊ. मागच्या वेळी तू चेंडू विकायला लावणार होतीस, आठवतं ना?"

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, पण आदल्या आठवड्याच्या पाण्याने काठ अजून फुगलेला होता. भिंगरी मालकीणबाईंना घेऊन पोचली तेव्हा ताई जागेवर होती. अंगात स्वेटर, त्यावर आणखी एक स्वेटर, त्यावर शाल.

"या, या," ताई म्हणाली. "मासे आज सुट्टीवर आहेत, आपणच आहोत."

"तुम्हीच का त्या? हिच्या तोंडी सारखं ताई, ताई. मला वाटलं कोणी पहिलवान असेल!"

ताई हसली. भिंगरी हसली नाही. मालकीणबाईंच्या त्या वाक्याने तिच्या मनात काहीतरी टोचलं आणि सुटलं. रोज बघणाऱ्याला जे दिसत नाही ते नव्या माणसाला पहिल्या नजरेत दिसतं. पण ती लगेच खाली वाकली. "ताई, ऊठ जरा. बाईंना वहाणांच्या खुणा दाखवू दे."

"राहू दे गं, मासा येईल."

"आत्ता तर म्हणालीस मासे सुट्टीवर आहेत."

ताई उठली. खुर्चीच्या हाताला धरून, मग भिंगरीच्या खांद्याला धरून, हळूहळू. भिंगरीने शाल बाजूला करून नाकतोडा उचलला.

पायांत वहाणा नव्हत्या.

नुसत्या नळ्या. त्यांना जेमतेम पेरभर चिखल लागलेला. आणि जमिनीत चार लहान लहान भोकं, पाखराने चोच मारावी तशी.

"अगं, हे काय?" मालकीणबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "वहाणा कुठायत?"

"विसरले वाटतं आज," ताई म्हणाली. वहाणा तिच्या मासेमारीच्या पिशवीत होत्या. भिंगरीने त्या काढल्या. घडी तशीच होती, तिनेच घातलेली. पट्ट्यांना मातीचा कणही नव्हता. पहिल्या दिवसानंतर त्या कधी उलगडल्याच नव्हत्या.

"मग सगळे दिवस ह्या नुसत्याच बसत होत्या?" मालकीणबाई म्हणाल्या. "आणि खुर्ची खचली नाही? भिंगरी, ही जमीनच कडक आहे गं! तुझ्या वहाणांची गरज कुणाला?" आणि जमीन कडक आहे हे दाखवायला त्यांनी नाकतोडा पुन्हा मांडला आणि त्यावर बसकण मारली.

मालकीणबाई काही जाड नव्हत्या. चारचौघींसारख्या. पण त्या बसल्या मात्र, उजवा मागचा पाय सर्रकन गेला, पाठोपाठ डावा, आणि बाई गुडघे छातीशी घेऊन आडव्या. "अगं धरा! धरा मला!" चष्मा पुन्हा कपाळावर. ताई खो खो हसली, हसताना पोटाला हात लावून थांबली. भिंगरीने बाईंना ओढून काढलं. खुर्ची उपसताना पुच्च असा आवाज झाला. पाय आडव्या नळीपर्यंत बुडाले होते.

"आता वहाणा घालून बसते," मालकीणबाई झटकत म्हणाल्या. घातल्या, बसल्या. नाकतोडा कुरकुरला आणि उभा राहिला. त्यांनी डावीकडे झोका घेतला, उजवीकडे घेतला. "पास! उद्यापासून कापायला घे. आणि ताई, तुमच्या बसण्यात काहीतरी जादू आहे हो. तुम्हाला कसं खचायला होत नाही?"

"पीठ मळणाऱ्याचा हात हलका असतो," ताई म्हणाली.

"हात हलका असेल, बाकीचं?" मालकीणबाई हसल्या, आणि कपड्यांना लागलेला चिखल बघत, स्वतःशीच बडबडत निघून गेल्या.

भिंगरी उभी होती. तिला पळावंसं वाटत होतं. कुठे ते कळत नव्हतं. तळ्याभोवती, रस्त्यावर, कारखान्यात, मशीनवर. तिने वहाणा काढल्या, पुसल्या, घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग पाय आपोआप ताईच्या त्या चार भोकांपाशी गेला. तिने टाच रोवली आणि गर्रकन वळवली. खळगा झाला. बघता बघता तो पाण्याने भरला.

जमीन मऊ होती. जमीन आधी होती तेवढीच मऊ होती.

तिने नाकतोडा उचलला, नुसता, वहाणांशिवाय, आणि ताईच्या खुणांच्या शेजारी मांडला. आणि आयुष्यात जी कामाशिवाय कुठल्या बैठकीवर टेकली नव्हती ती भिंगरी, अंगाने काडी, नवरा जिला वाऱ्याच्या दिवशी गमतीने खिशात दगड ठेव म्हणायचा ती भिंगरी, त्या खुर्चीवर बसली. क्षणभरच. उठली. खुर्ची बाजूला केली. नव्या भोकात बोट घातलं. पहिलं पेर बुडालं. मग ताईच्या भोकात घातलं. पहिलं पेर बुडालं.

जिन्याची मुकी पायरी. आत घेतलेली शिवण, पुन्हा आत घेतलेली शिवण. सुतार आला नव्हता. कापडही वाईट नव्हतं.

"काय करतेस चिखलात?" ताईने विचारलं. ती उभीच होती, झाडाला टेकून.

"तुझं आणि माझं वजन सारखंच भरतंय ताई."

"मग बरंच आहे की. आता तुझे कपडे मला होतील. मेली, सगळे भडक रंग."

"ताई, विनोद करू नकोस."

"मग काय करू?"

"वहाणा का नाही घातल्यास? दर वेळी मला सांगत होतीस घातल्या म्हणून."

ताईने तळ्याकडे पाहिलं. पाण्यावर गळाचं बुच थरथरत होतं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

"वाकवत नाही गं. खाली वाकलं की पोटात कोणीतरी मूठ वळतं. पहिल्या वेळी तू घातल्यास. दुसऱ्या वेळी मी पिशवीतून काढल्या, आणि तशाच ठेवल्या. म्हटलं खचले तर खचले, पोरगी येईल आणि ओढेल. बसले. खचलेच नाही." ती जराशी हसली. "मी पण टाच रोवून पाहिली हो. बापाचीच पोर आहे."

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं."

"मला आधीच कळलं होतं. त्या दिवशी नुसतं दिसलं."

"आणि मी कारखान्यात टाळ्या पिटत होते. माझ्या वहाणा, माझ्या वहाणा!" भिंगरी चार पावलं इकडे गेली, चार पावलं तिकडे. "मला सांगायचं नाही? मी वरच राहते ना? जिनाभर अंतर! मंगळवारी कुठे जातेस? दवाखान्यात? कुठल्या? काय म्हणतात ते? मी आत्ता नवऱ्याला फोन करते, तो गाडी घेऊन येईल, आपण मोठ्या ठिकाणी जाऊ, कोणाला विचारू, मालकीणबाईंची वहिनी कुठे तरी..."

"बघ. हे असं."

"काय असं?"

"तुला सांगायचं म्हणजे भिंगरीला सांगायचं. ऐकायच्या आधी तू दाराबाहेर. मग मी तुझ्या माडीवर परत एकटीच." ताईचा आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. "किती वेळा चहा घेऊन वर आले गं. पाव पुढ्यात ठेवला, तोंड उघडलं, की तू चप्पल घालून जिन्यात. तू बसलीस तर सांगेन, असं रोज म्हणायचे मनाशी. तू कधी बसलीस?"

भिंगरी थांबली. तिच्या पायांत वळवळ होती, ती टाचेतून वर चढत होती, आणि तिला ती दिसत होती, जणू दुसऱ्या कुणाची असावी. तिने खाली वाकून वहाणा उलगडल्या. नाकतोड्याचा एकेक पाय एकेका खिशात बसवला. पट्टे ताणले. खुर्ची ताईच्या मागे आणून ठेवली, हाताला धरून तिला बसवलं, शाल गुडघ्यांवर सारखी केली. आणि मग ती स्वतः, तशीच, ओल्या गवतावर फतकल मारून बसली. थंडगार पाणी कपड्यांतून आत आलं. ती हलली नाही.

गळाचं बुच पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. कोणी काठी उचलली नाही.

"ओलं लागेल गं," ताई म्हणाली.

"लागू दे."

"सर्दी होईल."

"ताई, मी बसले आहे."

भट्टीच्या आचेने वर्षानुवर्षं तांबूस झालेले ताईचे हात शालीची किनार घट्ट धरून होते, जशी जत्रेत पोर आईचा पदर धरते. ती विनोद शोधत होती हे भिंगरीला कळत होतं. जिभेच्या टोकावर आणून पाहत होती, परत नेत होती. शेवटी तिने शोधणं सोडलं.

"पोटात गाठ आहे," ती म्हणाली. "कसली ते अजून त्यांनाही कळलेलं नाही. या मंगळवारी आत नेऊन तिचा तुकडा काढणार आहेत. मी सगळ्यांना हसवते तिथे, नर्सला, झाडणाऱ्याला. त्यांना वाटतं, ही बाई वाघीण आहे." तिने श्वास घेतला, आणि पुढचं बोलताना तिचा आवाज लहानपणीच्या मैदानावरून आल्यासारखा बारीक झाला. "मला भीती वाटते भिंगरे. मला एकटीला जायचं नाही. तू माझ्याबरोबर चल."